कुपारी : एका जन्मातून जुळणारी नाती



आजचा विषय कळला तेव्हा गावातल्या दोघातिघांनी आम्हाला विचारलं, ‘मुलं कमी होताहेत, कुटुंब लहान होतंय, हे तर रोज पेपरात येतं. यात इतिहास कसला?’ प्रश्न रास्त आहे. म्हणून सुरुवात आकड्यांपासून नको, एका शब्दापासून करू. गासमध्ये हा शब्द कोणाला सांगावा लागत नाही. पण हे भाषण पुढे बाहेरगावचे लोकही वाचतील, त्यांच्यासाठी सांगतो. तो शब्द म्हणजे ‘कुपारी’.

निर्मळ, भुईगाव, गास, नंदाखाल, आगाशी या पट्ट्यातला सामवेदी ख्रिस्ती समाज स्वतःला कुपारी म्हणवतो. हा शब्द पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’वरून आला, असं साधारणपणे मानलं जातं. आता कोंपाद्रे म्हणजे कोण? पुष्कळांना वाटतं, कोंपाद्रे म्हणजे धर्मपिता, मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी धरणारा. तसं नाही. धर्मपित्याचं मुलाशी जे नातं असतं त्याला पोर्तुगीजमध्ये वेगळा शब्द आहे. कोंपाद्रे हे नातं मुलाचा बाप आणि मुलाचा धर्मपिता या दोघांमधलं. म्हणजे मूल मध्ये आलं आणि दोन मोठी माणसं एकमेकांची झाली. व्याही-विहिणीचं नातं जसं लग्नातून होतं, तसं हे जन्मातून होतं.

एका समाजाने स्वतःचं नाव अशा नात्यावरून घ्यावं, ही साधी गोष्ट नाही. समाजांची नावं गावावरून पडतात, धंद्यावरून पडतात. इथे नाव पडलं ते मूल जन्मल्यावर जुळणाऱ्या सोयरिकीवरून. आज आम्हाला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. जन्म कमी झाले की फक्त पाळणे कमी होत नाहीत, मोठ्या माणसांमधली नातीही कमी होतात. त्याची दखल कोणी घेतलेली दिसत नाही.

वसई पोर्तुगीजांकडे आली १५३४ साली. त्यानंतर युरोपात ट्रेंटची धर्मपरिषद भरली, ती १५६३ साली संपली. त्या परिषदेने एक नियम घातला. तोवर एका मुलाला वाटेल तितके धर्मपिते-धर्ममाता करायची रीत होती. श्रीमंत व्यापारी, जमीनदार, शेजारी, सगळे. कारण उघड होतं, जितके कुपारी तितके आधार. परिषदेने सांगितलं, एकच असावा, फार तर एक पुरुष आणि एक स्त्री, आणि त्यांची नावं पाद्रीने पुस्तकात लिहावी. हे नातं इतकं खरं धरलं जाई की धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं त्या मुलाच्या आईशी किंवा बापाशी पुढे लग्न होऊ शकत नसे, रक्ताच्या नात्यासारखंच. ही बंदी विसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने गेली. १९१७ च्या धर्मसंहितेत ती सैल झाली आणि १९८३ च्या संहितेत राहिलीच नाही. नातं कायद्यातून गेलं, तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नसेल.

चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली. पोर्तुगीज राज्य गेलं, पण पुस्तकात नाव लिहायची रीत आणि हा शब्द दोन्ही राहिले. बाप्तिस्म्याची नोंद वाचायला बसलात तर एका ओळीत चार माणसं सापडतात : आई, बाप, धर्मपिता, धर्ममाता. अशा पन्नास वर्षांच्या ओळी एकमेकींना जोडल्या की गावाचं जाळं समोर येतं. कोणाच्या घराचं कोणाशी जमत होतं, कोणती आळी कोणत्या आळीकडे मान वळवत होती, हे जमिनीच्या सातबाऱ्यापेक्षा तिथे जास्त कळतं.

आता थोडं गणित करू. घाबरू नका, तोंडी होईल.

समजा प्रत्येक जोडप्याची सहा मुलं मोठी झाली. मग एका मुलाला बापाकडून पाच काका-आत्या आणि आईकडून पाच मामा-मावश्या, एकूण दहा. त्या दहा जणांना प्रत्येकी सहा मुलं. म्हणजे चुलत, आते, मामे, मावस मिळून साठ भावंडं! आता तेच दोन मुलांचं धरा. एक काका किंवा आत्या, एक मामा किंवा मावशी, आणि भावंडं चार. साठावरून चारावर. आणि एकेक मूल धरलंत, दोन पिढ्या ओळीने, तर? काका नाही, आत्या नाही, मामा नाही, मावशी नाही. शून्य. मराठीत नात्यांना जेवढे शब्द आहेत तेवढे पुष्कळ भाषांत नाहीत, आणि त्यातले अर्धे शब्द त्या मुलाला पुस्तकातच वाचावे लागतील. मुलं सहावरून दोनावर आली म्हणजे एक तृतीयांश उरली. भावंडं मात्र पंधराव्या हिश्श्यावर आली. नाती मुलांच्या पटीत कमी होत नाहीत, त्याहून फार वेगाने होतात.

इथे कोणी तरी म्हणणार, ‘बघा, जुने दिवस किती चांगले होते.’ त्यांना आम्ही इथेच थांबवतो. आमच्या गणितात ‘मोठी झाली’ हे दोन शब्द होते, ते विसरू नका. १९११ ते १९२१ या दशकात भारतात जन्मणाऱ्याचं सरासरी आयुर्मान जेमतेम वीस वर्षं निघतं. त्यात १९१८ ची तापाची साथ आहे. स्वातंत्र्यानंतरही, १९५१ च्या सुमाराला, हजार मुलं जन्मली तर त्यातली सुमारे १४६ वर्षाच्या आत जात. ‘आजीला दहा मुलं होती’ असं आपण कौतुकाने सांगतो. त्यातली जगली किती, हे पुढे विचारलं की घरात शांतता होते. आम्ही जुन्या आठवणी गोळा करायला फिरतो तेव्हा हा अनुभव पुष्कळदा येतो. एका आजींनी आम्हाला मुलांची नावं सांगताना बोटं मोडत मोडत सात सांगितली, आणि मग म्हणाल्या, ‘दोघांची नावं ठेवायचीच राहिली.’ त्यापुढे आम्ही काही विचारलं नाही.

आणि हे फार जुनंही नाही, लांबचंही नाही. आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीला १९९२ मध्ये कुपोषणाने बालकं दगावली. तेव्हा जिल्हा ठाणे होता. पालघर झाला १ ऑगस्ट २०१४ ला. वारली, कोकणा, कातकरी घरांत मुलं जास्त का, असं इकडचे सुशिक्षित लोक नाक मुरडून विचारतात. जन्मलेली दोन मुलं जगतील याची खात्री असल्याशिवाय ‘दोनच पुरे’ असं कोणती आई म्हणेल? जगाच्या इतिहासात जवळजवळ सगळीकडे हाच क्रम दिसतो. आधी बालमृत्यू खाली येतो, मग जन्म खाली येतात. आपल्याकडे वसई पट्ट्यात तो क्रम लवकर पूर्ण झाला, जव्हार-मोखाड्याला उशिरा, एवढाच फरक.

मुलं किती व्हावीत हे माणसाच्या हातात असू शकतं, हा विचार महाराष्ट्रात जाहीरपणे मांडला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२१ मध्ये मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. विल्सन कॉलेजात ते गणित शिकवत. या मतांपायी १९२५ मध्ये ती नोकरी गेली. मग १९२७ च्या जुलैपासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, मरेपर्यंत. अश्लीलतेचे खटले झाले, एका खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९३८ च्या नोव्हेंबरात आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. बाबासाहेब त्या दिवशी हजर नव्हते, तो मांडला पी. जे. रोहम यांनी. ठराव पडला.

रघुनाथरावांच्या धाकट्या भावाची पत्नी म्हणजे इरावती कर्वे. त्यांचा भारतातल्या नातेसंबंधांवरचा मोठा इंग्रजी ग्रंथ निघाला १९५३ मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरात रघुनाथराव गेले आणि नोव्हेंबरात ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक निघाला. एकाच घरात एक माणूस जन्म कमी कसे करावेत याचा विचार करत होता आणि दुसरं माणूस जन्मातून नाती कशी विणली जातात याचा. दोन्ही विषय एकत्र ठेवून बघायला हवे होते, असं आम्हाला नेहमी वाटतं. ते झालं नाही. सरकारने पहिला विषय उचलला, १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला, लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर रंगवला. दुसरा विषय विद्यापीठातच राहिला.

सरकारी कार्यक्रमाचं पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. आणीबाणीत १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूरसुद्धा केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. त्यानंतर पुरुषांनी या विषयातून अंगच काढून घेतलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, २०१९ ते २१ ची, बघा. महाराष्ट्रात लग्न झालेल्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांनी नसबंदीचं ऑपरेशन केलेलं आहे. पुरुषांचं प्रमाण शेकडा एकसुद्धा नाही. कुटुंब लहान झालं, पण सुरी बाईच्याच पोटावर चालली.

मग चर्चचं काय? २५ जुलै १९६८ ला पोप सहावे पॉल यांचं ‘ह्युमाने व्हिते’ हे परिपत्रक निघालं. कृत्रिम साधनं नकोत, असं त्यात स्पष्ट आहे. ती शिकवण आजही तीच आहे. आणि पाचव्या फेरीतला देशाचा आकडा सांगतो, एका ख्रिस्ती स्त्रीमागे सरासरी १.८८ मुलं, हिंदूंमध्ये १.९४, मुस्लिमांमध्ये २.३६. म्हणजे व्यासपीठावरून एक सांगितलं गेलं आणि घराघरात दुसरं ठरलं. यात आम्हाला ढोंग दिसत नाही. जे ठरवायचं ते बाईने ठरवलं, आणि रविवारी ती मिस्सालाही गेली. धर्म आणि जन्मदर यांची जोडी आपण समजतो तितकी घट्ट नसते. इटली बघा, स्पेन बघा.

महाराष्ट्राचा आकडाही सांगून टाकू. १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत एका स्त्रीमागे २.९ च्या आसपास मुलं होती, पाचव्या फेरीत १.७. लोकसंख्या आहे तेवढीच टिकायला साधारण २.१ लागतात. गोव्यात तर १.३ आहे. दक्षिण कोरियात २०२३ मध्ये ०.७२ झाला.

इथे आपल्या गावातला माणूस हसतो. म्हणतो, ‘मुलं कमी कुठे? नालासोपारा स्टेशनवर संध्याकाळी उभे राहा, मग सांगा.’ बरोबर आहे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. पण ही माणसं इथे जन्मली नाहीत, इथे आली. गर्दी आणि जन्म या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या दोन्ही एकाच वेळी घडल्यामुळे वसईतल्या मूळ माणसाच्या मनात भलतंच काहीतरी शिजतं. तो म्हणतो, ‘ते वाढताहेत, आम्ही कमी होतोय.’ हे ‘ते’ कोण? कोकणातून, सातारा-सांगलीहून, उत्तर प्रदेशातून पोटासाठी आलेली माणसं. त्यांच्याही घरात आता दोनच मुलं दिसतात. भीती समजू शकते, पण तिचा पत्ता चुकलेला आहे.

वसईत मुलं कमी होण्याचा रस्ता कुठून गेला, हे आम्ही आमच्या परीने शोधलं. तो वाडीतून गेला. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली, आणि इथली केळी, पानं, भाजी, फुलं, दूध यांना बाजार जवळ आला. त्या शेतीला हात लागत. रहाटावर बैल हाकायला पोरगं, पाणी वळवायला दुसरं, पानं खुडायला, टोपल्या भरायला तिसरं-चौथं. बाई लाल लुगडं नेसून टोपली घेऊन गाडी पकडायची, तेव्हा घरातली मोठी मुलगी धाकट्यांना सांभाळायची. मुलगी म्हणजे दुसरी आई. मग रहाटाच्या जागी पंप आला. शाळा आली. मुलगी शाळेत गेली, आणि धाकट्यांना सांभाळणारं कोणी उरलं नाही. आमच्या मते जन्मदर खाली आला तो तिथे. सरकारच्या त्रिकोणाने पुढे मदत केली असेल, पण पहिला धक्का मुलीच्या दप्तराचा.

त्यात जमिनीचा हिशेब मिसळला. वडिलांची वाडी चार मुलांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला केळीच्या चार ओळी. १९८८-८९ पासून हरित वसईचं आंदोलन झालं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि कितीतरी माणसं रस्त्यावर उतरली; ते लढत होते हिरव्या पट्ट्यासाठी. पण घराघरात त्याच जमिनीचा भाव वाढत होता आणि वाटेकरी मोजले जात होते. ख्रिस्ती माणसाला १९२५ चा वारसा कायदा लागू होतो, त्यात मृत्युपत्र नसेल तर मुलगा-मुलगी समान. कागदावर! प्रत्यक्षात बहिणीची सही हक्कसोडपत्रावर घेतली जाते आणि त्या दिवशी तिला जेवायला गोड करतात. आता घरात एक मुलगा, एक मुलगी. किंवा दोन्ही मुलीच. वाडी कोणाची? म्हाताऱ्यांना कोण बघणार? एक कॅनडात, एक आखातात. हक्कसोड घेतलेल्या बहिणीनेच शेवटी आईचं दुखणं काढलं, अशी घरं या सभागृहात बसलेल्यांनाही ठाऊक आहेत.

आणि मुलगी हा विषय निघालाच आहे तर एक काळी बाजू लपवायला नको. कुटुंब लहान झालं, पण ‘त्यात एक तरी मुलगा’ ही अट लहान झाली नाही. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्येच कायदा केला, देशात सर्वांत आधी. तरी सहा वर्षांखालच्या मुलांमागे मुलींचं प्रमाण १९९१ मध्ये हजारी ९४६ होतं, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. दोन मुलांच्या कुटुंबाचं कौतुक करताना हे तीन आकडे शेजारी ठेवावे लागतात.

आता नवी हाक ऐकू येते : जास्त मुलं जन्माला घाला. केरळमध्ये पाला धर्मप्रांताने २०२१ मध्ये पाच किंवा जास्त मुलं असलेल्या कुटुंबांना मदत जाहीर केली. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत म्हणाले, तीन असावीत. ज्या राज्यात तिसरं मूल झालं तर पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही त्या राज्यात हे सांगितलं जातं, ही गंमतच. एकाने कमी करा म्हणावं, दुसऱ्याने वाढवा म्हणावं, आणि दोघांनीही तिला विचारू नये. आम्हाला या हाकेत नात्यांची काळजी दिसत नाही, मोजणीची दिसते. आपली माणसं किती, त्यांची किती. साठ भावंडांचं घर परत आणायचं म्हणजे त्या मोठ्या मुलीला शाळेतून परत आणायचं. ती येणार नाही, आणि तिने येऊही नये.

पण आम्हाला चिंता नाही असं नाही. सगळ्यात जास्त चिंता बोलीची आहे. लोक म्हणतात, आईबापांनी घरात सामवेदी बोलावी म्हणजे बोली टिकेल. एवढ्याने टिकत नाही. मुलं बोली शिकतात ती आईकडून, पण ती पक्की होते भांडणात, खेळात, बावखलाच्या काठावर बरोबरीच्या पोरांना शिव्या देताना. अंगणात चुलत-मावस भावंडं जमत तेव्हा ही शाळा फुकट चालायची. आज घरात एकटं पोर, शाळा इंग्रजी, शेजारी हिंदी. आजीशी ते बोली बोलतं, पण बोलीत भांडायला त्याला कोणी नाही. ज्या बोलीत भांडता येत नाही ती फार दिवस राहत नाही, असं आमचं निरीक्षण आहे. चुकलं असेल तर आम्हाला आनंदच होईल.

शेवटी परत बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी येतो. गेल्या वर्षी आम्ही एका घरी होतो. बाळाचा बाप एकुलता एक, आईला एक बहीण, ती लग्न होऊन परदेशी. धर्ममाता म्हणून तीच ठरली, रजा काढून आली. धर्मपिता कोण? काका नाही, मामा नाही. शेवटी बापाने ऑफिसातला मित्र आणला. मंगळूरकडचा, कोंकणी बोलणारा, विरारला भाड्याने राहणारा. चर्चमध्ये सगळं रीतसर झालं, पुस्तकात त्याचं नाव लिहिलं गेलं. जेवायला पंगत बसली तेव्हा बाळाच्या पणजी त्याच्याकडे बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी नातवाला विचारलं, ‘आता हा आपला कोण?’ नातू म्हणाला, ‘माझा मित्र.’ म्हातारी चिडली. ‘ते सकाळपर्यंत होतं. आता कोण?’

नातवाला उत्तर आलं नाही. पणजीनेच त्या पाहुण्याच्या पानात आणखी एक वाटी वाढली आणि पुढच्या सणाला आई-वडिलांना घेऊन यायला सांगितलं.

तुमच्या घरात बाप्तिस्म्याचे जुने फोटो असतील, मागे नावं लिहिलेले, तर आम्हाला दाखवा. फोटो परत मिळेल. आता प्रश्न घेऊ.